शाळेचा करगोटा

ओल्या गोणपाटाचा वास आला की मला कुमुदताई दिसतात. चैत्रातलं ऊन नव्या भिंतीवरून उतरत असतं आणि सुती साडीतल्या त्या ठेंगण्या बाई, कान किंचित कलता ठेवून, बोटाच्या पेराने भिंत वाजवून पाहत असतात. वैद्याने आजाऱ्याची पाठ तपासावी तशा. आवाज भरीव आला की चेहऱ्यावर उजेड. पोकळ आला की नुसतं "हं". त्या एका अक्षराला आमचे गवंडी टरकून असत.

सरकारी इंजिनियर म्हणून निवृत्त झाल्यावर त्या जबलपुरातल्या दीक्षितपुऱ्यातून रिक्षाने माझ्या राइट टाउनच्या ऑफिसात येत आणि मी काढलेले शाळांचे नकाशे चष्मा कपाळावर सरकवून न्याहाळत. वहीवर ऊन येईल का, वारा कुठून शिरेल, दार बाहेर उघडेल ना, एवढंच विचारत. जबलपूरच्या भूकंपात त्यांनी एका शाळेच्या भिंती कोपऱ्यांतून फाटलेल्या पाहिल्या होत्या. "पहाट होती म्हणून वर्ग रिकामे होते रे," त्या म्हणत. "दर वेळी पहाटच असेल काय?"

म्हणूनच दारांच्या माथ्यावरून सगळ्या भिंतींना कवेत घेणारा काँक्रीटचा पट्टा त्यांच्या जिवाचा. तान्ह्याच्या कमरेला करगोटा बांधतात, तसा तो शाळेचा करगोटा, असं त्या म्हणत. आणि तो ओतला की आठवडाभर ओला ठेवायचा, गोणपाट घालून, सकाळ-संध्याकाळ पाणी देऊन. आमच्याकडे त्याला तराई म्हणतात. ताईंच्या लेखी ते बाळंतिणीचं पथ्य होतं.

सिहोऱ्याजवळच्या शाळेत ते पथ्य मी मोडलं. उद्घाटनाची तारीख आधीच ठरली होती, घाई होती. तिसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर आला नाही आणि मी माणसं दुसऱ्या कामावर हलवली. संध्याकाळी ताईंचा फोन आला.

"काहून रे श्रीकांत, तराई चालू आहे ना?"

"हो ताई, रोज करून राहिलो."

पलीकडून फक्त "हं" आलं.

उद्घाटनाच्या दिवशी त्यांनी माझ्यादेखत कोपऱ्यातली भिंत वाजवली, कान लावला आणि हसल्या. "चलो, छान बांधलीस." त्या विश्वासाने मी आतून करपलो. पुढे कितीदा तरी खरं सांगायला त्यांच्या दारापर्यंत गेलो, त्यांनी हातावर ठेवलेली बेसनाची वडी खाल्ली आणि तसाच परतलो. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. माझं खोटं माझ्यापाशीच राहिलं, आणि त्या पट्ट्याखाली मुलं बसत राहिली.

परवा धीर करून त्या शाळेत गेलो. पट्टा तपासायचा, कच्चा निघाला तर सगळ्यांसमोर कबूल करायचं, असं ठरवून. म्हातारा चौकीदार माझी खटपट पाहत होता. मग म्हणाला, "पक्का है साहब. दीदी ने खुद तराई करवाई थी. आपके लोग गए, उसके अगले ही दिन पहली बस से आईं, फिर पूरे हफ़्ते आती रहीं. मैं ऊपर चढ़ता, वे हैंडपंप चलातीं. नीचे से चिल्लातीं, दद्दा, कोना मत छोड़ना! आपसे कहने को मना कर गई थीं."

मी तिथेच पायरीवर बसलो. त्या वयात, त्या उन्हात, हापशाचा दांडा ओढणारे ते बारीक हात डोळ्यांपुढून हलेनात. भिंतींचा आवाज ओळखणाऱ्या बाईंना माझा आवाज काय ओळखू येणार नव्हता? आतल्या वर्गात मुलं पाढे म्हणत होती, जाळीतून आलेलं ऊन त्यांच्या वह्यांवर डोलत होतं. मी उठून कोपऱ्यातली भिंत वाजवली, त्यांच्यासारखाच कान कलता करून.

काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन होतं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. गेलेलं माणूसही काळाच्या उन्हात वाळून जात नसावं. कुणीतरी गुपचूप घातलेलं पाणी पीत ते आपल्या आत घट्ट होत राहतं.