आजीचं पाणी आणि लिंडक्विस्टबाई

आमच्या शेताला सेंद्रिय शेतीचं प्रमाणपत्र मिळायचं होतं, ते मिळालं नाही. कारण, बाटलीभर पाणी.

पण तसं काही झालेलं नाही. बाबांनी घरात तसं ठरवून टाकलंय. फाटकावरच्या पाटीवर 'पालांजियान आणि मंडळी, सेंद्रिय बेदाणे' असं आधीच रंगवून झालं होतं. त्यातल्या 'सेंद्रिय' या शब्दावर सध्या एक टॉवेल वाळत घातलाय. कुणी विचारलं तर टॉवेल ओला आहे म्हणायचं. आमच्या फाउलर गावच्या उन्हात टॉवेलच काय, तो टाकणारा माणूसही दुपारपर्यंत वाळतो. आमचा टॉवेल तीन आठवडे झाले तरी ओलाच आहे. तेव्हा मीही काही झालेलं नाही असं धरूनच सांगतो.

तपासणीच्या दिवशी उजाडल्यापासून मी आणि बाबा द्राक्षाच्या ओळीत खुरपत होतो.

"आरं नुबार, मुळासकट काढ की. गवताची हजामत करतुयास व्हय?"

"बाबा, थोडं गवत असलं की रान सेंद्रिय दिसतं."

"सेंद्रिय दिसाया पायजे, आळशी न्हाई."

अट अशी होती की तीन वर्षं रानात बंदी असलेलं काही पडता कामा नये. पडलं की तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. आमचं तिसरं संपत आलं होतं. प्रमाणपत्र मिळालं तर बेदाण्याला गिऱ्हाईक होतं. नाही मिळालं तर बदामवाला होताच. हा बदामवाला म्हणजे एका मोठ्या कंपनीचा माणूस. आसपासची सगळी रानं त्याच्या कंपनीनं घेतलीत, आमचंच तेवढं मध्ये उरलंय. दर आठवड्याला येतो. आमच्या वेली काढून बदामाची झाडं कुठं लावायची ते त्यानं मनात इतकं पक्कं आखून ठेवलंय, की बागेतून चालताना तो त्या नसलेल्या झाडांना वळसा घालून चालतो.

खरं तर आमचं शेत चार पिढ्या सेंद्रियच आहे. तत्त्वानं नव्हे, चिकटपणानं. पणजोबा ह्मायाक सातासमुद्रापलीकडच्या खारपुतहून जीव घेऊन इथं पळून आले तेव्हा त्यांना मिळालेली जमीन दुसऱ्या कुणालाच नको होती. वीतभर मातीखाली दगडासारखा टणक थर. त्यांनी सुरुंग लावून भोकं पाडली आणि भोकाभोकात वेल लावली. गावाला वाटलं, हा माणूस लढाईतून आलाय आणि ती संपल्याचं याला कुणी कळवलेलं नाही. पुढं आजोबांना एक औषधवाला विषाचा डबा नमुना म्हणून फुकट देऊन गेला. आजोबांनी तो शेजाऱ्याला निम्म्या भावात विकला आणि कंपनीला कळवलं की निकाल उत्तम आहे, अजून दोन पाठवा.

तिकडं मागं काय सोडून आलो, ते आमच्या घरात कुणी बोलत नाही. ताटात कुणी घास टाकला तर आजी नुसती बघते. मग आपण तो घास खातो.

दुपारी तपासणीच्या बाई आल्या. लिंडक्विस्टबाई. उंच, सभ्य, पायात इतके स्वच्छ बूट की त्यांच्यासमोर आपलं रान मळकट वाटावं. आजी सरमाचं ताट घेऊन ओसरीत उभीच होती. सरमा म्हणजे द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात. पानं आमच्याच बागेतली.

"मला काही घेता येत नाही, आजी. नियम आहे," बाई म्हणाल्या.

"कुठल्या गावचा नियम गं पोरी? घरी आलेल्यानं उपाशी जायचा?"

"लाच समजतात हो ती."

आजी बाबांकडं वळली. "वाझ्गेन, ही माझ्या सरमाला लाच म्हणतीय."

"आये, तसं न्हाई म्हणत त्या."

"लाच द्यायची असती तर मटणाचं केलं असतं. ह्ये तर नुसत्या भाताचं हाय."

बाईंनी विषय बदलावा म्हणून ओसरीलगतच्या ओळीतल्या एका घडाला हात घातला आणि एक मणी तोंडाकडं नेला. आजीनं त्यांच्या मनगटावर चापट मारली. सरकारी कामात अडथळा आणल्याचा हा आमच्या घराण्यातला पहिलाच प्रसंग.

"रविवारी चर्चमधी देर हुसिक द्राक्षांस्नी आशीर्वाद देत्यात," आजी म्हणाली. "त्येच्या आदी मणी तोंडात घालायचा न्हाई. सोमवारी ये. घमेलंभर खा."

बाईंनी मणी परत घडाला लावायचा प्रयत्न केला, तो जमला नाही, मग खिशात ठेवला. पुढं सगळं बरं चाललं. माती पाहिली, खताचा ढीग हुंगला, विहीर पाहिली. बाबांची छाती हळूहळू पुढं यायला लागली होती. शेवटी बाईंनी विचारलं, "गेल्या तीन वर्षांत पिकावर काही फवारलं, शिंपडलं, ओतलं?"

"काई न्हाई," बाबा म्हणाले.

"खोटं कशापायी बोलतुयास?" आजी म्हणाली. "दरसाल शिंपडतो की."

बाबांच्या चेहऱ्याचा रंग द्राक्षाकडून बेदाण्याकडं निघाला.

"काय शिंपडता?"

"पाणी."

बाबांनी श्वास सोडला. तो त्यांनी जरा लवकरच सोडला.

"जानेवारीत देर हुसिक क्रूस बुडवून देत्यात त्ये पाणी. मी बाटलीत भरून ठिवते. मे महिन्यात वेली फुलल्या की सब्ज्याच्या जुडीनं वळीवळीनं शिंपडते."

"म्हणजे साधंच पाणी ना?"

"साधं कसं? त्येच्यात मुरोन असतंय. पवित्र त्याल. ऑलिव्हचं त्याल, आन् चाळीसावर फुलं, मुळ्या, अत्तरं. मोठे धर्मगुरू कढईत करत्यात."

"कधी केलेलं?"

"सात सालांनी येकदा करत्यात. पर जुन्यातलं थोडं नव्यात घालत्यात, दह्याच्या विरजणावानी. पयलं विरजण सतराशे सालांमागचं हाय."

बाईंची पेन्सिल थांबली. त्या मुळात प्रामाणिक बाई. त्यांनी विचारलं, "त्या पहिल्या तेलातल्या ऑलिव्हवर काही फवारलेलं होतं का?"

"मला काय ठावं?" आजी म्हणाली. "मी तवा ल्हान व्हते."

बाबा तिथंच पालथ्या घमेल्यावर बसले. बाईंनी कागद चाळले. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "हे बघा, एक वाट आहे. पिकावर परिणाम करतं तेच द्रव्य मोजायचं असतं. आजी, तुम्ही फक्त एवढंच म्हणा, की या पाण्यानं पिकावर काही परिणाम होत नाही. मी लिहिते आणि पुढच्या प्रश्नाकडं जाते."

"म्हण, आये," बाबा म्हणाले. "येकच वाक्य हाय. मनातून नको म्हणूस. तोंडानं म्हण."

रस्त्याच्या कडेला बदामवाल्याची गाडी येऊन उभी राहिली होती. तो आत आला नव्हता. नुसता काच खाली करून बघत होता.

आजीनं इतका वेळ हातात धरलेलं ताट कट्ट्यावर ठेवलं.

"माझ्या आयेलाबी तिकडं, गावातनं हाकलून नेताना, शिपाई येकच वाक्य म्हणाया लावत व्हते," ती म्हणाली. "आपल्या द्येवाला न्हाई म्हण. मनातून नको, तोंडानं म्हण, जीव वाचंल. सगळ्या वाटंनं सांगत व्हते. तिच्या दोन्ही भनींनी ऐकलं न्हाई. तिनंबी ऐकलं न्हाई. ती तेवढी उरली. आन् मी बेदाण्यापायी म्हणू?"

"आये, ह्ये त्ये न्हाई गं."

"वाक्य त्येच हाय."

 मी बाबांच्या शेजारचं गवत मुळासकट उपटलं.

"परिणाम व्हतो," आजी बाईंना म्हणाली. "लिव्ह."

बाईंनी लिहिलं. लिहिताना त्यांनी दोनदा नाक पुसलं. ते नियमात बसतं की नाही मला माहीत नाही. निघताना मात्र त्यांनी कट्ट्यावरच्या ताटातलं एक सरमा उचललं, उभ्यानंच खाल्लं, बोटं पुसली, आणि त्याची नोंद कुठंही केली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा चर्चच्या पुजाऱ्यांकडं, देर हुसिकांकडं गेले. मी गाडी चालवत होतो म्हणून ऐकायला मिळालं.

"देर हुसिक, येवढं लिहून द्या, की गेली तीन सालं पाण्याला आशीर्वाद लागलाच न्हाई."

"वाझ्गेन, एक साल म्हणाला असतास तर विचार केला असता," देर हुसिक दाढीतून म्हणाले. "त्या साली मला पडसं होतं. पण तीन सालं म्हणजे वरचे लोक मलाच बदलतील."

"मग निदान कमी लागला म्हणा."

"किती कमी?"

"परिणाम व्हनार न्हाई इतका."

"तेवढा कमी आशीर्वाद द्यायला जास्त कसब लागतं रे बाबा. मी साधा पुजारी आहे."

मग कार्यालयाचं पत्र आलं. तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. अपवाद एकच, द्रव्याच्या उत्पादकानं घटकांची यादी दिली तर फेरविचार होईल. बाबांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि टॉवेल शोधायला गेले. बदामवाला त्याच संध्याकाळी येऊन गेला. आजीनं फाटकात त्याच्यावर सब्ज्याची जुडी झटकली. त्याला शिंका आल्या. "बघा," आजी म्हणाली, "व्हतो का न्हाई परिणाम?"

जेवताना बाबा म्हणाले, "तीन सालं तर तीन सालं. आपल्या आज्यानं सुरुंग लावून वेली लावल्या. आपल्याला नुसतं थांबायचं हाय."

"थांबू की," आजी म्हणाली. "मे महिन्यात मी शिंपडनारच हाय."

म्हणजे दर मे महिन्यात आमची तीन वर्षं पुन्हा सुरू होणार. बाबांच्या हे लक्षात आलं तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला. आजीनं बघितलं. त्यांनी तो खाल्ला.

तेव्हा शेवटचा उपाय म्हणून मी कार्यालयाला रीतसर अर्ज केला आहे. तो असा:

'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर द्रव्याच्या मूळ उत्पादकाचा पत्ता आमच्याकडे उपलब्ध नाही. आमच्या कुटुंबाने यापूर्वी वेळोवेळी चर्चमार्फत पाठविलेल्या अर्जांना त्यांजकडून उत्तर आलेले नाही. तरी आपल्या कार्यालयाने त्यांना आपल्या अधिकारात समक्ष बोलावून घ्यावे व घटकांची यादी घ्यावी. ते हजर होईपर्यंत आमची मुदत स्थगित ठेवावी. आणि ते हजर झाल्यास, आमची आजी तेथे पोहोचेपर्यंत त्यांना बसवून ठेवावे, कारण तिलाही तिच्या आईतर्फे त्यांना काही विचारावयाचे आहे, ही नम्र विनंती.'