उंबऱ्याबाहेर

शनिवारी सकाळी यामागाताच्या गाडीत बसलो तेव्हा सेंदाईत लख्ख ऊन होतं. २००६चा फेब्रुवारी. श्वास घेताना नाकात टोचेल इतकी थंडी, पण आकाशात ढगाचा मागमूस नाही, रस्ते कोरडे. बाबा जरा हिरमुसले होते. येऊन अडीच महिने झाले आणि बर्फ म्हणून जे पाहिलं ते पीठ चाळल्यासारखं पडायचं, दुपारपर्यंत विरून जायचं.

"तुमच्या जपानची जाहिरात चांगली आहे," ते म्हणाले. "मालाचं काही खरं नाही."

"डोंगर तर ओलांडू द्या."

बाबांनी पुण्याच्या सिमला ऑफिसात, म्हणजे वेधशाळेत, चौतीस वर्षं काढली. देशभरातून येणारे हवामानाचे आकडे नकाशावर उतरवायचं काम त्यांचं. पावसाची खूण टिंब, गारांची त्रिकोण, हिमाची चांदणी. श्रीनगरवर, लेहवर त्यांनी चौतीस हिवाळे बारीक टोकाने चांदण्या काढल्या, पण तिकडे कधी गेले नाहीत. आईला थंडी सोसत नसे. मग आईच गेली, आणि एकट्याने कुठे जायचं, असं म्हणत ते घरीच राहिले. यंदा मीच तिकीट पाठवून त्यांना बोलावलं होतं.

गाडी बोगद्यात शिरली. बोगदा लांब होता; काचेत आमचेच चेहरे दिसत राहिले. मग एकदम पांढरं झालं.

पलीकडे आकाश नव्हतंच. जे होतं ते सगळं खाली येत होतं. घरांची छपरं एकेका पुरुषाइतक्या थराखाली दबलेली, देवदारासारखी झाडं वाकलेली, ओढ्याचा फक्त काळा आवाज. शेजारच्या बाकावरच्या शाळकरी मुली मोबाइलवरून नजर काढत नव्हत्या. बाबा उठून दाराशी गेले आणि काचेला कपाळ लावून उभे राहिले.

बऱ्याच वेळाने म्हणाले, "पद्मा, हे महाबळेश्वर आणि ते वाई."

"म्हणजे?"

"अगं, सायबेरियातून वारा येतो कोरडा. समुद्रावरून येताना पाणी पितो. या डोंगराला धडकला की सगळं इथंच टाकतो. पलीकडे तुम्ही कोरडे. आपला पाऊस नाही का घाटावर संपतो? हा इथला पावसाळाच. फक्त पांढरा."

एका लहान स्टेशनवर उतरलो. तिथला कर्मचारी फावड्याने फलाट मोकळा करत होता; तो पुढे जाई तसा मागे पुन्हा थर चढत होता. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. बाबांनी हातमोजा काढला आणि कुंपणाइतक्या उंच ढिगात हात घातला. कोपरापर्यंत गेला. तसेच थांबले. आवाज कशाचाच नव्हता. मी कामावर दिवसाला दहा मीटिंगा करणारी बाई. इतकी शांतता माझ्या कानांना सहन होईना आणि सोडवेनाही.

"तुझी आजी म्हणायची, देव मोठा," बाबा म्हणाले. "मला वाटायचं, सवयीनं म्हणते."

मशीनमधून गरम कॉफीचे दोन डबे घेतले. परतीच्या गाडीत त्यांनी डबा दोन्ही हातांत धरून ठेवला, प्यायले नाहीत.

"तुमच्या त्या फुनाबोरीला बर्फ पडतो का?"

सुशीलला, माझ्या नवऱ्याला, एप्रिलपासून टोकियोतल्या एका बँकेचं काम मिळालं होतं. तिथल्याच फुनाबोरी भागात फ्लॅट घेतला होता. एक खोली आणि स्वयंपाकघर. आपली बरीच मंडळी आहेत तिथे, पण जागा म्हणजे तेवढीच.

"क्वचित."

"आणि एप्रिल कसा असतो?"

"बरा असतो."

"पुण्यात एप्रिल म्हणजे नुसतं भाजणं." मग डबा हातात फिरवत, "खालच्या मजल्यावरच्या त्या बंगाली डॉक्टरांच्या आईला व्हिसा वाढवून मिळाला म्हणे. त्यांचा पोरगा सांगत होता."

बाबांनी आयुष्यात कुणाकडे काही थेट मागितलं नाही. हे मागणं होतं, आणि मला ते कळलं होतं. त्या एका खोलीत पलंग कुठे लावायचा, हेच माझ्या डोक्यात आलं. सुशीलला विचारावं लागेल, हेही. मी म्हणाले, "तुमचं चार तारखेचं तिकीट सोमवारी कन्फर्म करायला हवं. आठवण करा."

"हो हो. कर की," ते म्हणाले आणि खिडकीकडे वळले. बोगदा सुरू झाला होता. बाहेर काही दिसत नव्हतं.

रविवारी सकाळी चहा घेताना त्यांनी कप बशीत ठेवला, डावा खांदा चोळला आणि खुर्चीतच कलंडले. अँब्युलन्स सात मिनिटांत आली. तिचा काही उपयोग झाला नाही.

मंगळवारी दहन झालं. इकडे राखेची मूठ देत नाहीत. हाडं एका ट्रेवर समोर येतात आणि घरच्यांनी दोघादोघांनी मिळून, लांब काड्यांनी उचलून भांड्यात ठेवायची. आधी पायांची, शेवटी डोक्याची, म्हणजे माणूस भांड्यात उभा राहतो. सुशीलने आणि मी एकेक हाड तसं उचलून ठेवलं. भांडं लाकडी पेटीत गेलं, पेटीला पांढरं जरीचं आवरण चढलं. ती चांगलीच जड होती.

त्याच दुपारी पुण्याहून कुमुदिनीआत्याचा फोन आला.

"अस्थी कुठे ठेवल्यास?"

"टेबलावर, त्यांच्या फोटोजवळ."

"अगं पद्मे, अस्थी उंबऱ्याच्या आत घेत नसतात. आपल्याकडे झाडाला बांधून ठेवतात."

"आत्या, मी तिसऱ्या मजल्यावर राहते."

"मग गॅलरीत ठेव. गॅलरी आहे ना? का तीही नाही तुमच्या जपानात?" मग आवाज बदलून, "दादा सगळं रीतीनं करणारा माणूस होता. त्याचं तरी नीट कर."

मी कपडे वाळत घालायच्या दांड्याखाली स्टूल मांडलं, त्यावर पेटी ठेवली आणि माझ्या ओढणीने दांड्याला घट्ट बांधली. शेजारच्या गॅलरीतून सासाकी-सान बघत होत्या. पंचाहत्तरीच्या, एकट्या, बाबांशी त्यांचं रोज हातवाऱ्यांनी बोलणं चाले.

"वडील बाहेर का?" त्यांनी विचारलं. त्यांच्याकडे एकोणपन्नास दिवस अस्थी घरातच असतात, पुढ्यात भात ठेवतात.

"आमच्यात तशी पद्धत आहे."

"असं," त्या म्हणाल्या. वाद घालणं त्यांच्या रीतीत नव्हतं. आत जाताना फक्त म्हणाल्या, "थंडी आहे."

सुशील कामाची कागदपत्रं उरकायला बुधवारी टोकियोला गेला. गुरुवारी दुपारी मी पेटी घेऊन तिकडे जायचं आणि शुक्रवारी दोघांनी भारताचं विमान पकडायचं, असं ठरलं.

गुरुवारी सकाळी बर्फाचे मोठे, ओले फुलोरे पडत होते. नऊ वाजता ते थांबले आणि दक्षिणेकडून वारा सुटला. चक्क उबदार. फेब्रुवारीत, बर्फावरून वाहणारा उबदार वारा. मी खिडकी उघडून चेहऱ्यावर घेतला आणि घाबरले. दहाला पाऊस लागला. रस्त्याकडेचे ढीग धुरकटत, वाफ सोडत खचू लागले. टीव्हीवरचा माणूस नकाशा दाखवत होता: जपानच्या समुद्रात गोल रेघा इतक्या दाटीने काढलेल्या की मध्ये बोट ठेवायला जागा नव्हती. बाबांनी असा नकाशा पाहून चष्मा पुसला असता.

साडेअकराला सुशीलचा फोन आला. "टोकियोची बुलेट ट्रेन बंद केली. वाऱ्यामुळे. आज निघूच नकोस, मी शनिवारचं विमान बघतो. तू बरी आहेस ना?"

"आहे."

फोन ठेवला आणि दिवस मावळला. खरंच, भर दुपारी दिवा लावावा लागला. पश्चिमेच्या डोंगरावरून काळा कडा चालत आला. आधी गारा, पत्र्यावर मुठीने फेकल्यासारख्या. मग वीज, आणि पाठोपाठ गडगडाट, असा की कपाटातल्या पेल्यांनी एकमेकांना स्पर्श केला. वारा एका क्षणात फिरला. उबदार होता तो सुरीसारखा झाला. आणि त्या विजांच्या उजेडातच बर्फ आला. पडत नव्हता. आडवा धावत होता. वीज आणि हिम एकत्र असतात, हे मला ठाऊक नव्हतं. समोरची इमारत गेली, विजेचे खांब गेले, गाव गेलं.

दाराची बेल वाजली. सासाकी-सान होत्या. घरातल्या कपड्यांवर, केस विस्कटलेले.

"वडिलांना आत घ्या," त्या म्हणाल्या. या खेपेला त्या विनंती करत नव्हत्या. "पद्धत मी समजते. पण ते आत घ्या."

मी गॅलरीचं दार सरकवलं. वाऱ्याने ते हातातून घेतलं. स्टूल आडवं झालं होतं. पेटी ओढणीवर लोंबकळत कठड्यावर आपटत होती, आणि ओढणीची गाठ गोठून दगड झाली होती. बोटांनी सुटेना. मी दातांनी ओढली. सुटली तेव्हा पेटी माझ्या छातीवर आली आणि मी कठड्याला पाठ टेकून बसले. भोवती सगळं गरजत होतं. मला आत पळायला हवं होतं. मी बसून राहिले. इतकी ताकद, आणि तिला माझी खबरही नव्हती. त्यात अपमान नव्हता, उलट हलकं वाटत होतं. दाराला कपाळ लावून बाबा त्या दिवशी का बोलत नव्हते, ते मला तिथे, केसांत बर्फ घेऊन, समजलं.

मग मी उंबरा ओलांडून त्यांना आत आणलं. सासाकी-साननी दार लोटून कडी लावली, टॉवेल आणून आधी पेटी पुसली, मग माझं डोकं. हीटरसमोर खुर्ची ओढली. मी पेटी खुर्चीवर ठेवली आणि समोर जमिनीवर बसले. सासाकी-सानना मराठी कळत नव्हतं. त्या चहाचं पाणी ठेवायला गेल्या.

"बाबा," मी म्हणाले, आवाज नीट येईना म्हणून पुन्हा म्हणाले, "बाबा, गाडीत मला कळलं होतं तुम्ही काय विचारत होतात. राहा. फुनाबोरीला आमच्याबरोबर चला. खोली एकच आहे, पण आपण करू काहीतरी. तुम्ही जाऊ नका."