पंख्याचा रेग्युलेटर

"बाई, हा आवाज ऐकू येतोय का तुम्हाला?" साहेबांनी आपल्या खोलीतून हाक मारली.

प्लायवूडच्या भिंतीअलीकडे टायपिस्टबाईंनी टेबलाखालचा रेग्युलेटर हळूच उलटा फिरवला आणि त्या आत गेल्या. "कुठला आवाज, साहेब?"

कॉम्प्युटर गप्प होता. साहेबांनी कान चोळला. "आत्ता होता हो. फोनवर बोलताना तर नुसता घोंघावतो."

"मला तर काहीच ऐकू नाही येत."

हा रेग्युलेटर साहेबांच्याच हुकमाने बसला होता. कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर बंद करा, असा त्यांनी धोशा लावला होता, आणि बाईंना असल्या खटपटींचा भारी नाद. त्यांनी पंख्याची लाल वायर कापून मध्ये रेग्युलेटर जोडला. पहिला जुन्या रेडिओतला होता, तो धूर काढून मेला. मग दणकट आणला. मशीन तापलं तर पंखा वाढवता यावा म्हणून लांब वायरीने तो स्वतःच्या टेबलापाशी घेतला. तोवर मनात काही पाप नव्हतं.

मग एके सकाळी इस्पितळातून फोन आला, बाईंची आई शेवटच्या घटका मोजत होती. साहेब म्हणाले, "एवढं पत्र टाईप करून जा. तासाभराने काय आभाळ कोसळतंय?" बाई पोचल्या तेव्हा आईच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

बाईंनी तेव्हाच खूणगाठ बांधली. साहेबांनी फोन उचलला की पंखा सुसाट. कुणी आत शिरलं की मुका. साहेब शिपायावर खेकसले, मेकॅनिकला बोलावलं, कानाच्या डॉक्टरकडे खेटे घातले. म्हातारा चळला, अशी कुजबुज ऑफिसात सुरू झाली. ती ऐकून बाईंना डबा गोड लागायचा.

आज साहेब टेबल आवरत होते. "राजीनामा दिला, बाई. कान कामातून गेले."

बाईंच्या मनात आलं, हा माणूस असाच निघून गेला तर कशाची शिक्षा मिळाली, हे त्याला कधीच कळणार नव्हतं. त्यांनी कॉम्प्युटरचा प्लग उपटला, पंखा थांबला, मग त्या साहेबांच्या समोर उभ्या राहिल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "तो आवाज मी करत होते. माझ्या आईसाठी."

"काय म्हणालात?" साहेबांनी हाताचा पंजा कानामागे धरला. "पंखा बंद करा आधी. मोठ्याने बोला."

प्लायवूडपलीकडे सगळं ऑफिस बसलं होतं.

"काही नाही, साहेब," बाई म्हणाल्या. साहेबांना तेही ऐकू गेलं नाही.