तिसऱ्या नोझलखालचा वायसर

मी एक जुना तांब्याचा वायसर आहे. वायसर म्हणजे मधोमध भोक असलेली चपटी चकती, कोटाच्या बटणाएवढी. मित्रांनो, तुम्हांला गाडीचा रंग आठवतो, हॉर्न आठवतो, पण वायसरची विचारपूस कुणी करत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जे घडलं ते सांगतो.

एका कारखान्यात तांब्याच्या पत्र्यावर ठोका पडला आणि मी सुटा झालो. दुसऱ्या ठोक्याला माझ्या पोटातला गोल तुकडा निघून गेला. तो कुठे गेला हे मला कधीच कळलं नाही. १९७७ साली मी निपाणीला आलो आणि धर्मराजच्या डिझेल टॅक्सीत बसलो. धर्मराज आधी तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचा. पुढे त्याने ही गाडी घेतली, तीही दुसऱ्याने वापरलेली.

त्या इंजिनाला चार नोझल होते. नोझल डिझेलची बारीक फवारणी करतो. तो एका खोल भोकात उभा बसतो आणि त्याच्या बुडाशी एक वायसर असतो. आतला जाळ आणि दाब बाहेर येऊ द्यायचा नाही, एवढंच वायसरचं काम. तिसऱ्या नोझलखाली मी होतो.

सात वर्षं मी तिथे काढली. गाडीतून नवऱ्या मुली गेल्या, आजारी माणसं गेली, टपावर विडीच्या पानांची गाठोडी गेली. तवंदीचा घाट गाडी एका दमात चढली की लोक म्हणायचे, "पंप लई भारी हाय." कुणी नोझलची तारीफ करायचं. आमचं नाव कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. सुरुवातीला मला थोडं लागायचं. मग सवय झाली.

१९८४ साली गाडी काळा धूर ओकू लागली. सकाळी चालू व्हायला रडायची. धर्मराजने ती नागोजी मिस्त्रीच्या गॅरेजात नेली. नोझल आणि वायसर, सगळंच नवं घालायचं ठरलं.

नागोजी कोगनोळीच्या सीमेपलीकडचा, महाराष्ट्रातल्या कागलचा. निपाणीत येऊन त्याला दोन वर्षं झाली होती. तेवढ्यात आपल्याला कानडी आली असं त्याला वाटायचं आणि तो ती हौसेने बोलायचा. त्याच्या हाताखाली आण्णाप्पा नावाचा पन्नाशीचा कानडी माणूस होता, कामाला चोख. त्याने चारही नोझल उपसून काढले. नोझलांच्या नाकाला चिकटून तीन वायसर आपोआप वर आले. मी मात्र काजळीने तळाला घट्ट चिकटलो होतो. मी तिथेच राहिलो.

नागोजी शेजारच्या ट्रकखाली आडवा होता. त्याने तिथूनच कानडीत विचारलं, चारही 'तगी' झाले का? त्याच्या मनात जुने वायसर होते.

"नाकू तगदेनि," आण्णाप्पा म्हणाला. म्हणजे, चारही 'तगी' केलेत.

आता, कानडीत 'तगी' म्हणजे काढ, आणि 'तगी' म्हणजे उघडसुद्धा. दार उघडायचं असलं तरी तेच म्हणतात. आण्णाप्पाने चारही नोझलांची घरं उघडली होती, तेवढंच त्याने सांगितलं. तो खोटं बोलला नाही. नागोजीने त्याचा अर्थ चारही वायसर काढले असा घेतला. त्याला फक्त पहिला अर्थ ठाऊक होता. हात पुसत तो आला आणि प्रत्येक भोकात एकेक नवा वायसर सोडला. तिसऱ्या भोकातला नवा वायसर माझ्या डोक्यावर येऊन बसला. मग नोझल आला, नट आवळले गेले आणि अंधार झाला.

जुना माल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, ही तिथली रीत. आण्णाप्पाने तो वर्तमानपत्रात बांधून दिला. धर्मराजने पुडकं न उघडताच सीटखाली सरकवलं.

दुसऱ्या दिवशी गाडीला बेळगावला जायचं होतं. धर्मराजची थोरली बहीण तानीबाई विड्या वळायची. तिची मुलगी जयाबाई मिरजेला नर्सिंग शिकून आली होती आणि बेळगावच्या एका दवाखान्यातून तिला नेमणुकीचं पत्र आलं होतं. अकराच्या आत हजर व्हायचं, नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार. त्यात सीमेवर काहीतरी बिनसलं होतं आणि एसट्या बंद होत्या. सारी भिस्त आमच्या गाडीवर होती. गल्लीतल्या लोकांनी जयभीम करून तिघांना निरोप दिला.

संकेश्वरपर्यंत सगळं ठीक होतं. पण एकावर एक दोन वायसर नीट बसत नाहीत. नोझल जरा उचललेला राहतो. इंजिन तापलं, माझ्यावरचा वायसर हलला आणि जाळ वाट काढू लागला. हत्तरगीच्या पुढे गाडी फुसफुसायला लागली. चढ दिसताच तिचा दम गेला. धर्मराजने ती रस्त्याकडेला घेतली. नऊ वाजून गेले होते.

बॉनेट उघडल्यावर तिसऱ्या नोझलभोवती डिझेलचे बुडबुडे दिसले.

"कालच नवं घातलंय आन् ह्ये बघ. नागोज्यानं माती केली," धर्मराज म्हणाला.

"धर्मा, अकराला पोचाय पायजे रं," तानीबाई म्हणाली. "पोरीचं सात जल्माचं नुकसान हुईल."

जयाबाई वाकून बघत होती. "मामा, काल जुनं काय काय काढलं?"

"चार नोझल, चार वायसर."

"मोजलंसा?"

"मिस्त्रीनं मोजलं असंल की."

"आमाला आपरेशनात पोट शिवायच्या आधी कापसाचं बोळं मोजाय लावत्यात. आत किती घातलं आन् भाईर किती आलं. जुनं कुठं हाय?"

पुडकं मडगार्डवर सुटलं. नोझल चार. वायसर तीन. तिने पुन्हा मोजले.

"मामा, एक आतच हाय."

सात वर्षांत पहिल्यांदाच माझी उणीव कुणाला भासली. मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

धर्मराजने पाने काढले. लोखंड तापलेलं होतं, त्याची बोटं पोळली. नोझल निघाला, वरचा नवा वायसर निघाला. मी हलेना. तानीबाईने कडुलिंबाची काडी मोडून आणली. जयाबाईने ती तासून निमुळती केली, माझ्या भोकात दाबली आणि हळूहळू फिरवत राहिली. तिने घाई केली नाही. आई मागे रडत होती तरी केली नाही. शेवटी काजळी सुटली आणि मी काडीला अडकून उजेडात आलो. धर्मराजने इंजिन फिरवून आतला कचरा उडवला, नवा वायसर एकटा घातला, नोझल आवळला, पाइपातली हवा काढली. गाडी चालू झाली तेव्हा सव्वादहा वाजून गेले होते. मी जयाबाईच्या मुठीत होतो. मला टाकायचं तिला सुचलं नसावं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. बाहेरच्या बाकावर यादीतली पुढची मुलगी बसलेली होती. टेबलामागे मोठ्या सिस्टर होत्या आणि त्यांच्या हातातलं पेन कागदावर, तिच्या नावापाशी टेकलेलं होतं.

"उशीर का?"

जयाबाईला एसट्यांचं कारण सांगता आलं असतं. तिने मूठ उघडली. "गाडीत जुना वायसर आतच ऱ्हायलाता, सिस्टर. कुणी मोजलं न्हाय. काढल्याबिगर गाडी चालंना."

"मग कळलं कसं?"

"भाईर आलेलं मोजलं. एक कमी भरला."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्या काळ्या हातांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग पेन कागदावरून उचललं.

"कै तोळकोंडु बा," त्या म्हणाल्या. म्हणजे, हात धुऊन ये.

बाकावरची मुलगी उठली आणि पायऱ्या उतरून गेली. ती कोणत्या गावची होती, घरी जाऊन तिने काय सांगितलं, मला ठाऊक नाही. नागोजीची चूक तिला उपयोगी पडता पडता राहिली, एवढं मात्र खरं. तिचंही काही वाईट व्हावं असं कुणाच्या मनात नव्हतं.

आता मी ऑपरेशनच्या खोलीबाहेर, हात धुण्याच्या जागेजवळ, एका खिळ्याला असतो. नव्या मुली विचारतात, हे काय? जयाबाई सिस्टर सांगतात आणि मग त्यांना बोळे मोजायला लावतात, दोनदा.

मित्रांनो, तुम्ही सायकल खोलाल, घड्याळ खोलाल, कधी याहून मोठं काही उघडाल. झाकण लावण्याआधी बाहेर आलेलं स्वतः मोजा. दुसऱ्याने मोजलं असेल असं धरून चालू नका. माझ्यासारखा कुणी आत राहिला, तर त्याला हाक मारता येत नाही.