पडणाऱ्यांची पिढी

माझ्या जेवणाच्या मेजावर दहा रोबो नांदले, ते माझ्या परवानगीने. नातीच्या प्रयोगशाळेत दुरुस्ती निघाली होती आणि तिची पदवी या एका प्रयोगावर अडली होती. तळहाताएवढी, दोन चाकांची ती यंत्रे. मेजाच्या कोपऱ्यात एक दिवा. त्याखाली जो रोबो अधिक वेळ काढी, त्याची चाल थोडा फेरफार करून संगणक पुढच्या पिढीला देई. सजीवांची एक पिढी सरायला वर्षे लागतात, इथे ती पाच मिनिटांत उरके. नात कॉलेजात जाई. मी विणकाम घेऊन शेजारी बसे.

तीनशेव्या पिढीला नातीचा चेहरा उतरला. दिव्याकडे धावायचे सोडून रोबो गर्रकन वळत आणि आडवे होत. तिने चाके उघडली, तारा तपासल्या, दोन दिवस धड जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी परीक्षक आले, कडक इस्त्रीचे, मिशाळ गृहस्थ. नातीने कळ दाबली. दहाही रोबोंनी गिरकी घेतली आणि एकदम लोळण घातली. हे काय, असे परीक्षकांनी विचारले. नात पुन्हा तारा चाचपू लागली. मी मात्र सवयीप्रमाणे सुया खाली ठेवल्या, जवळचा रोबो उचलला, त्यावर फुंकर मारली आणि त्याला दिव्याखाली नीट बसवले.

"आजी," नात हळूच म्हणाली, "तू हे रोज करायचीस?"

"पडलेल्याला तसंच पडू द्यायचं, असं या घरात कधी झालेलं नाही." मग आयुष्यात प्रथमच मी म्हणाले, "चूक माझी आहे. पोरीचे गुण कापू नका."

परीक्षक इतके हसले की त्यांचा चष्मा मेजावर पडला. धावणाऱ्यांपेक्षा पडणाऱ्यांची चंगळ होती, म्हणून पडणारेच उरले, असे ते म्हणाले. मात्र पुरावा हवा: आजींनी हात आवरायचे आणि काय होते ते पाहायचे.

मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. दुसऱ्याच पिढीत एक रोबो मेजाच्या काठाशी उताणा होऊन केविलवाणी चाके फिरवू लागला. एक हात पुढे सरकला. तो परीक्षकांचा होता.

"हात मागे," मी सुनावले. त्यांनी तो निमूटपणे खिशात घातला.

दुपारी एक रोबो वळलाच नाही. तो सरळ दिव्याखाली गेला आणि तिथेच थांबला. पुढची पिढी त्याच्याच वळणाची निघाली. परीक्षकांनी उभ्याउभ्या कागदावर सही केली. नातीने मला खुर्चीतून ओढून अशी गरगर फिरवली की मी कलंडले. मग दोघांनी मला उचलून, दिव्याशेजारी नीट बसवले. मी हरकत घेतली नाही.