गव्हाशी फारकत

बंदरातली सगळ्यात उंच क्रेन धाकटी चालवायची. ती जागा तिने पुरुषांशी भांडून मिळवलेली. पण हल्ली शिडी अर्धी चढली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. वैद्यकीय तपासणीत ती दोनदा नापास झाली, अंगात रक्तच नाही म्हणे. आणखी एकदा नापास झाली की क्रेन गेली आणि खाली कोठारात हातमोजे वाटत बसायचं. त्या विचारानेच तिचा जीव कासावीस व्हायचा.

पोट तर बारमाही बिघडलेलं. लोहाच्या गोळ्या खाऊन खाऊन कंटाळली, पण रक्त काही वाढेना. नातेवाइकांनी निकाल देऊन टाकला होता की बाईला कामाचा आळस, बाकी सगळी नाटकं. थोरली बहीण मात्र जीव लावणारी. पोट बिघडल्याचं कळलं की दुधात भिजवलेले टोस्ट घेऊन ताई दारात हजर. हलकं असतं म्हणे! धाकटी खायची, आणखी कळवळायची, मग ताई आणखी टोस्ट आणायची.

नव्या डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, आजारी पडलीस की खातेस काय? टोस्ट म्हणताच त्यांनी रक्त तपासलं, दुर्बीण घालून आतडं पाहिलं. गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन तिला सोसतच नव्हतं. आतडं आतून सोलवटलेलं, मग लोह अंगी लागणार कसं? गहू, जव आता जन्मभर बंद. धाकटी तिथेच ढसाढसा रडली.

"म्हणजे मी नाटकं करत नव्हते," ती म्हणाली.

घरी हे ऐकून ताई भडकली. गव्हाने कधी कुणाचं वाकडं केलंय का, म्हणून चार दिवस तोंड फुगवून बसली. पाचव्या दिवशी येऊन तिने धाकटीचं स्वयंपाकघर घासूनपुसून काढलं आणि तांदळाच्या पिठाचे डबे भरले.

काही महिन्यांनी धाकटी तपासणीत पास झाली. शिडी एका दमात चढली, पहिला कंटेनर अलगद उचलला आणि वर एकटीच खदखदून हसली. खाली भल्याभल्यांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी ताई आली. भावंडांनीही तपासून घ्यावं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. ते ताईने तेव्हा उडवून लावलं होतं.

"मलाही ने तिच्याकडे," ती खाली बघत म्हणाली. "माझं पोटाचं दुखणं मी कधीपासून वयावर ढकलतेय."

आयुष्यभर हुकूम सोडणारी ताई पहिल्यांदाच काहीतरी मागत होती.

"उद्या माझी सुट्टी आहे," धाकटी म्हणाली. "तयार राहा. आणि तिथे काही लपवायचं नाही."