एक नंबर

स्टाफरूममधल्या संगणकावर हेडसरांच्या ओळीपुढे सरासरी उमटली, पाचपैकी एक पूर्णांक चार, आणि कंपासबाईंच्या काळजाला गारवा मिळाला. 'गणिताच्या बाई' ही त्यांची स्वतःची ओळ खाली होती. तिथे चार पूर्णांक सहा. बाईंनी चष्मा पुसला आणि दोन्ही आकडे पुन्हा वाचले, या वेळी नुसते चवीसाठी. स्वच्छतागृहांना मात्र मुलांनी चार पूर्णांक नऊ दिले होते. पोरांचं काही सांगता येत नाही, असं म्हणून बाई पुढे सरकल्या.

पाहणीची टूम हेडसरांचीच. मुलांना शाळा किती आपली वाटते ते आकड्यांत मोजायचं आणि विश्वस्तांपुढे मांडायचं. सरांना मुदतवाढ द्यायची की नाही, हेही त्याच बैठकीत ठरणार होतं. काम आकड्यांचं म्हणून बाईंकडे आलं आणि बाई एका पायावर तयार झाल्या. दोन वर्षांपूर्वी याच माणसाने भर स्टाफरूममध्ये त्यांचा दहावीचा वर्ग काढून घेतला होता. "बाई, तुमच्या तासाला मुलं बोलतच नाहीत हो," असं तो हसत, चहा ढवळत म्हणाला होता. मुलं बोलत नाहीत ही तक्रार असू शकते, हे बाईंना तोवर ठाऊक नव्हतं. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. त्या चमच्याची किणकिण बाईंच्या कानातून अजून गेली नव्हती.

पाहणीचा कागद बाईंनीच आखला होता. मैदान, वाचनालय, एकेक शिक्षक, आणि प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. मुलांनी त्यातल्या एका आकड्याला गोल करायचा. पाच म्हणजे सगळ्यात चांगलं असं वर लिहा, हे सरांनी सुचवलं होतं. बाईंनी ते उडवून लावलं. पाच एकापेक्षा मोठे हे ज्यांना सांगावं लागेल, त्यांना त्या नोकरीभर नापास करत आल्या होत्या.

तेवढ्यात सातवीतली एक मुलगी उरलेले कागद घेऊन आली. सगळ्यात वरच्या कागदावर हेडसरांपुढच्या एकाला गोल होता आणि शेजारी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सर एक नंबर!'

बाईंनी तो तिच्यापुढे धरला. "हे काय?"

"एक नंबर म्हणजे भारी, बाई. सगळ्यात भारी."

"सगळ्यांनी असंच धरलं?"

"हो. पहिला नंबर तसा."

"मग पाच?"

मुलगी बुटांकडे बघायला लागली. "पाच म्हणजे शेवटचा, बाई."

बाईंनी तिला जायला सांगितलं. दुरुस्ती अगदी सोपी होती. प्रत्येक सरासरी सहातून वजा करायची, की सर चार पूर्णांक सहावर आणि बाई एक पूर्णांक चारवर. आपल्याला रडू येणार असं त्यांना वाटलं, पण आला तो संताप. इतकी वर्षं घसा कोरडा करून शिकवलं, आणि पोरांनी नेऊन बसवलं कुठे, तर स्वच्छतागृहांच्या पंगतीला. आणि तो चहा ढवळणारा मात्र एक नंबर! बाईंनी काहीही वजा केलं नाही. आलेख काढला, तोही रंगीत.

बैठकीत अध्यक्षबाईंनी आलेखावरून बोट फिरवलं आणि सरांकडे पाहिलं. सरांनी हुज्जत घातली नाही. "मुलांना असं वाटत असेल, तर माझंच चुकलं असणार," एवढंच ते म्हणाले आणि समोरचा चहा न ढवळताच प्यायले. त्यांची मुदतवाढ गेली. दहावीचा वर्ग बाईंकडे परत आला. विश्वस्तांनी बाईंसाठी टाळ्या वाजवल्या, आणि मुलांनाही कळू दे म्हणून अध्यक्षबाईंनी आलेख फलकावर लावायला सांगितला.

सकाळी फलकापुढे ही गर्दी. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या ते कोणाला कळलं नाही.

"बघ, सर पहिल्या नंबरात. म्हटलं नव्हतं?"

"आणि कंपास बघ कुठेय. संडासाच्या शेजारी!"

हशा पिकला. दहावीतली एक उंच मुलगी त्यांच्यावर खेकसली, "दात काय काढताय? स्वतःचंसुद्धा लपवलं नाही त्यांनी. मी असते ना, तर फाडून टाकला असता."

मग बाई दिसल्या. त्या मुलीने बाजूला सरून वाट दिली.

दहावीच्या वर्गात मुलं उभी राहिली, बसली. बाई खडू शोधत होत्या. ती उंच मुलगी परत उभी राहिली.

"बाई, एक विचारू? सर तर पहिले आले. मग ते का चाललेत?"

बाईंच्या तासाला आजवर कोणी आपणहून काही विचारलं नव्हतं. सगळा वर्ग उत्तराची वाट बघत होता. बाईंनी डस्टर उचललं आणि त्या कोरा फळा पुसू लागल्या.